भांडी बाजारातली एक गल्ली, दोन पाणी आणि आमचा चुकलेला नकाशा

"मारुतीचे पाय कोरडे आहेत आणि माझ्या दुकानात गुडघाभर पाणी आहे, तुझा नकाशा काय म्हणतो ते बघ जरा." मामांचा हा फोन आला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, जूनचा महिना, धरणातून थेंबभर पाणी सोडलेलं नाही आणि मी गंगापूर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. नकाशा म्हणत होता की दुकान सेफ आहे. आणि नकाशा केलेला मीच.

तर ते सगळं प्रकरण आता पहिल्यापासून लिहून काढतोय, कारण पूरनकाशा म्हटलं की लोकांना वाटतं कुणीतरी सॅटेलाइटवरून बघून निळा रंग भरला की झालं. मलाही थोडंफार तसंच वाटायचं, आणि मी तर सर्व्हेच्या कामात पोट भरणारा माणूस.

मामांचं दुकान नाशिकच्या जुन्या गावठाणात, भांडी बाजाराच्या अंगाला, तांब्या-पितळेची भांडी, खाली दुकान आणि वर माळा, वाडा जुना, भाडं पागडीचं. तिथून नदी चालत पाच मिनिटं. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, रामकुंडाजवळ नदीपात्रातच दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे आणि नाशिककर पूर क्युसेकमध्ये, म्हणजे धरणवाल्यांच्या मापात, मोजत नाहीत, मारुतीवर मोजतात. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला, गळ्याला, आणि डोक्यावरून गेलं की महापूर. पलीकडे पंचवटीत नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे, वसई जिंकल्याच्या आठवणीतली, तिला पाणी लागलं म्हणजे गावाचं काही खरं नाही असं म्हातारी माणसं सांगतात. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलेलो आणि शिकून आल्यावर त्याला अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून मोकळा झालेलो, ते महागात पडलं, सांगतो पुढे.

आता नाशिकच्या पुराची एक गंमत आहे. शहरात वर्षाला सातेकशे मिलीमीटर पाऊस, पण वर इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटाकडे त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे शहरात लख्ख ऊन पडलेलं असतं, पोरं क्रिकेट खेळत असतात, आणि गोदावरीला पूर आलेला असतो. त्र्यंबक-अंबोलीकडचं पाणी गंगापूर धरणात येतं, धरणात गाळ साचून साचून आता ५६३० दशलक्ष घनफूट पाणी धरतं, ते ऑगस्टमध्ये भरत आलं की वरून जेवढं येईल तेवढं खाली सोडायलाच लागतं. त्यात धरणाच्या खालून आळंदी नदी येऊन मिळते, शहरातले नाले मिळतात, त्यांच्यावर धरणाचा काही कंट्रोल नाही. म्हणून गंगापूरचा आकडा वेगळा आणि शहरातल्या होळकर पुलाखालचा आकडा वेगळा, आणि बातम्यांत ऐकताना लोक दोन्हीची खिचडी करतात.

१९ सप्टेंबर २००८ला मामांच्या दुकानात पाणी माळ्याच्या शिडीच्या सहाव्या पायरीला लागलं. मग २ ऑगस्ट २०१६. मग ४ ऑगस्ट २०१९. अकरा वर्षांत तीनदा. २००८ नंतर नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखल्या गेल्या, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. मामांचं लॉजिक सरळ, "२००८ला आला ना, मग २०३३पर्यंत निवांत, मधले दोन आले ते चुकून." मी त्यांना फाशाचं उदाहरण दिलं. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता, गेल्या वर्षी आला म्हणून यंदाची कमी होत नाही. तीस वर्षं त्या रेषेच्या आत दुकान चालवलं तर एकदा तरी पाणी बघायची शक्यता ७० टक्के होते. लाल रेषेचं धरलं तरी तीस वर्षांत २६ टक्के, म्हणजे चारातल्या एकाला. मामा म्हणाले, "मग शंभर वर्षं कशाला म्हणतात रे?" याला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही, ज्याने कुणी हा शब्द रूढ केला त्याने लोकांचं भलं केलं नाही एवढं नक्की.

असो. २०१९च्या पुरानंतर गल्लीतल्या दहा-बारा दुकानदारांनी मला धरलं, की तू कॉम्प्युटरवर हेच करतोस ना, मग आम्हाला सांग किती पाणी सोडलं की आमच्याकडे किती येणार. मी हो म्हणालो. दोन आठवड्यांचं काम वाटलेलं.

पहिल्यांदा फुकटचा डेटा घेतला. जमिनीच्या उंचीचा जो जगभराचा नकाशा मिळतो तो फेब्रुवारी २०००मध्ये स्पेस शटलवरून रडारने काढलेला, त्याचा एक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटर. ३० मीटरमध्ये आमची अख्खी गल्ली, दोन वाडे, एक बोळ आणि चहाची टपरी बसते, आणि त्या सगळ्याची मिळून एकच उंची! वर रडारला जमीन दिसत नाही, छप्पर दिसतं. त्यामुळे तीन मजली वाड्यांची गर्दी असलेला बाजार त्याच्या हिशोबाने टेकडीवर बसलाय आणि टेकडीवर कुठे पूर येतो का, त्यामुळे पहिल्या रनमध्ये कॉम्प्युटरवर २००८च्या महापुराएवढं पाणी सोडलं तरी भांडी बाजार कोरडा ठणठणीत. मामांना दाखवला तर त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि "बरं" एवढंच म्हणाले.

मग ठरलं की उंच्या आपण मोजायच्या. उंची मोजायचं ऑटो लेव्हल मशीन एका मित्राकडून रविवारपुरतं आणलं, पहाटे पाचला, कारण सात वाजल्यानंतर त्या गल्लीत स्टाफ, म्हणजे मापाची उंच पट्टी, उभा धरायला जागा नसते. नदीच्या घाटापासून पॉइंट घेत घेत वर आलो. बोळात मशीनची नजर पोचेना तिथे शेजारच्या गवंड्याने त्याचा लेव्हल पाइप काढला, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना दोन माणसं, साधा प्रकार, पण मशीनशी ताडून बघितलं तर फरक बोटभरसुद्धा नव्हता. मी त्या दिवसापासून लेव्हल पाइपला नावं ठेवणं बंद केलं.

त्याच वेळी जुन्या पुराच्या खुणा गोळा केल्या. प्रत्येकाकडे खूण आहे. कुणी ऑइल पेंटने रेघ मारून तारीख टाकलीय, कुणाच्या लाकडी फळीवर डाग आहे, कुणी नुसतं छातीला हात लावून दाखवतो. एकाच पुराच्या दोन शेजारच्या दुकानांतल्या खुणा फूटभर वरखाली निघाल्या. आधी वाटलं कुणीतरी वाढवून सांगतंय, नुकसानभरपाईच्या वेळी थोडं वाढवून सांगायची सवय लागते माणसाला, दोष नाही त्यात. पण कारण भलतंच होतं. २००८ नंतर एकाने दुकानाची फरशी दोनदा उचलून घेतली होती आणि "फरशीपासून चार फूट" हे वाक्य मात्र तेच ठेवलं होतं.

आणि रस्ता! जुना डांबराचा थर न खरवडता त्याच्यावर नवा थर, मग त्याच्यावर काँक्रीट, असं करत करत रस्ता वर येत गेला. मामांच्या दुकानाला लहानपणी तीन पायऱ्या होत्या हे मला पक्कं आठवतं कारण तिसरीवर बसून मी गुडदाणी खायचो. आज एक पायरी आहे आणि तीही अर्धी. दुकान खचलेलं नाही, रस्ता चढलाय. नदीचा पूर एक इंचही न वाढता मामांचा धोका फूटभर वाढला आणि हे कुठल्याच सॅटेलाइटला दिसणार नाही.

या मापांवर हेक-रास नावाचं सॉफ्टवेअर चालवलं, अमेरिकन लष्कराच्या इंजिनियर लोकांनी बनवलेलं, फुकट मिळतं. त्याला नदीचे आडवे छेद द्यायचे, पूल कुठे आहेत, त्यांचे खांब किती, पात्र किती खरबरीत आहे हे द्यायचं, वरून पाणी सोडायचं आणि ते कुठवर चढतं ते बघायचं. खरबरीतपणाचा आकडा हा खरा डोकेदुखीचा विषय, गुळगुळीत काँक्रीटच्या घाटाला वेगळा, झाडीझुडपाला वेगळा, आणि पाणवेली अडकलेल्या पुलाला कुठला द्यायचा ते पुस्तकात नाही. तो आम्ही उलटा काढला, म्हणजे मॉडेलचं, कॉम्प्युटरवरच्या नदीचं, पाणी २०१६ आणि २०१९च्या खुणांना लागेपर्यंत आकडा फिरवत राहिलो. आणि मग २००८ची खूण, जी मॉडेलला दाखवलीच नव्हती, ती वितभर फरकाने जुळली. त्या रात्री मी चक्क पेढे वाटले.

पण लोकांना तो नकाशा कळेना. मीटरमध्ये उंची, क्युसेकमध्ये विसर्ग, निळ्याच्या सहा छटा. धरणातून १५,००० क्युसेक सोडले असा मेसेज आला की ग्रुपवर कुणी हात जोडतो, कुणी "काळजी घ्या" टाकतो, बास. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या वर, म्हणजे १५,००० क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे ४२ टँकर दर सेकंदाला, हे सांगितलं तेव्हा लोक घाबरले, पण घाबरून करायचं काय ते कुठे कळतंय. तेव्हा मामा म्हणाले, "तू मारुतीत सांग." मग काय, मूर्तीच्या गुडघ्याची, कमरेची, छातीची, गळ्याची उंची मशीनने मोजली आणि नकाशाच्या छटा काढून टाकून चारच रेषा ठेवल्या. मारुतीच्या कमरेला पाणी म्हणजे घाटाकडच्या टोकाची चार दुकानं, छातीला म्हणजे गल्लीच्या वळणापर्यंत, गळ्याला म्हणजे मामांची पायरी. अंधश्रद्धेच्या खात्यातला मारुती असा परत आला, आणि तो क्युसेकपेक्षा भरवशाचा निघाला, कारण धरणातून तेवढंच पाणी सुटलं तरी मधल्या नाल्यांनी किती भर घातली त्यावर गावातली पातळी बदलते, आणि मारुती ते सगळं एकत्र करूनच दाखवतो.

एवढं सगळं केल्यावर तो जूनचा फोन.

झालं असं होतं की दुपारी चारनंतर वळवासारखा पाऊस आला आणि तासभर नुसता ओतला. नदी शांत. पण भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल या सगळ्या भागाच्या पोटातून सरस्वती नाला जातो. पूर्वी उघडा वाहायचा, आता वरून झाकलेला, त्यावर रस्ते, दुकानं, पार्किंग, पोरासोरांना तर तो आहे हेच माहीत नाही. त्या नाल्याचं पाणी चेंबरची झाकणं उचलून वर आलं आणि उताराने मामांच्या अर्ध्या पायरीवरून आत शिरलं. माझ्या मॉडेलमध्ये पाणी फक्त नदीतून वर चढू शकत होतं. पाठीमागून, पायाखालून येऊ शकतं हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. जुने लोक तोंडाने सांगत होते, "नदीचं पाणी येतं ते सांगून येतं, नाल्याचं सांगत नाही", आणि हे वाक्य माझ्या स्वतःच्या वहीत लिहिलेलं सापडलं, खाली रेघ मारून. रेघ मारली होती आणि वापरलं नव्हतं.

साधा हिशोब करून बघा. तासाला ५० मिलीमीटर पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला तर ५ कोटी लिटर पाणी. गावठाणात माती राहिलीच कुठे मुरायला, त्यामुळे ८० टक्के वाहणार धरा, म्हणजे सेकंदाला ११ हजार लिटर. आता दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच असा झाकलेला नाला पूर्ण भरून चांगल्या वेगाने वाहिला तरी सेकंदाला सहा हजार लिटरच्या आसपास नेणार, आणि तेसुद्धा आत गाळ, प्लास्टिक, केबल काहीही नसेल तर. उरलेलं पाणी रस्त्यावरून. आणि नदी आधीच चढलेली असेल तर नाल्याचं तोंड पाण्याखाली जातं, मग आतलं पाणी बाहेर पडायलाच तयार नाही, उलट नदी नाल्यातून आत शिरते. मारुतीच्या नुसत्या गुडघ्याला पाणी असताना गल्लीत पाणी आल्याच्या दोन-तीन आठवणी लोक सांगायचे आणि मी त्या "स्मरणात गडबड" म्हणून बाजूला ठेवल्या होत्या, त्या सगळ्या याच प्रकारच्या निघाल्या.

दुसरं मॉडेल मग उलट्या बाजूने केलं, पाऊस थेट छपरांवर आणि रस्त्यांवर पाडायचा आणि पाणी कुठे कुठे साचतं ते बघायचं. त्यासाठी नाला आतून किती मोठा आहे ते हवं होतं. तो ड्रॉइंगवर एका मापाचा आणि तीन ठिकाणी झाकण उघडून टेप सोडला तर तिन्ही ठिकाणी वेगळा, एके ठिकाणी तर पाण्याची पाइपलाइन आडवी गेलेली, तिला अडकून गोणपाट, साड्या, निर्माल्य असा नुसता बांध झालेला. मॉडेलमध्ये तिथे नाला अर्धा केला आणि जूनचं पाणी जिथल्या तिथे, मामांच्या पायरीवर, उभं राहिलं.

पाऊस किती पाडायचा हा पुढचा वाद. जुन्या नोंदींवरून काढलेला "२५ वर्षांतला मोठा पाऊस" आता पुरत नाही. हवा एक डिग्री तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ला दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात, ज्यात आपला पश्चिम घाटही येतो, एकाच वेळी दूरवर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आमच्या गल्लीत एका तासात किती टक्के वाढ धरायची हे त्यातून थेट निघत नाही. आम्ही जुना आकडा, त्यावर २० टक्के, आणि त्यावर आणखी २० टक्के असे तीन रन केले. फरक बघण्यासारखा होता, नदीच्या मॉडेलमध्ये २० टक्क्यांनी रेषा थोडी सरकते, पण नाल्याच्या मॉडेलमध्ये नाला आधीच तुडुंब असल्यामुळे वाढलेलं सगळंच्या सगळं पाणी रस्त्यावर येतं. बारा दुकानं होती ती एकदम एकवीस झाली.

आता नकाशा झाला दोन रंगांचा, निळा नदीचा आणि तपकिरी नाल्याचा. तो कागदावर न ठेवता प्रत्येक दुकानाच्या शटरच्या आतल्या बाजूला दोन रेघा मारून दिल्या. निळ्या रेघेखालचा माल मारुतीच्या छातीला पाणी लागलं की हलवायचा. तपकिरी रेघेखाली जूनपासून सप्टेंबरपर्यंत माल ठेवायचाच नाही, कारण तिथे इशारा द्यायला वेळच मिळत नाही, ढग दिसल्यापासून अर्धा-पाऊण तासात खेळ खल्लास. मामांनी खालच्या फळीवरची पितळी पातेली वर नेली आणि तिथे प्लास्टिकच्या बादल्या ठेवल्या. "वाहून गेल्या तरी तरंगतील," म्हणाले.

निळ्या रेघेचा एक प्रॉब्लेम मात्र आम्हाला शेवटपर्यंत कळला नव्हता, तो रंगीत तालमीत कळला. एका सोमवारी सकाळी लुटुपुटूचा पूर घोषित केला, मारुतीच्या छातीला पाणी, चला माल हलवा. सगळ्यांनी एकाच टेंपोवाल्याला फोन केला. गल्लीत एका वेळी एकच टेंपो शिरतो, आणि तो बाहेर पडेपर्यंत दुसरा आत येऊ शकत नाही. हमाल सहा, दुकानं एकवीस. हिशोब केला तर गल्ली रिकामी व्हायला चार तास, आणि पाणी कमरेपासून गळ्यापर्यंत चढायला आमच्या मॉडेलप्रमाणे त्याहून कमी. म्हणजे छातीला पाणी लागल्यावर उठून उपयोग नाही, कमरेलाच उठलं पाहिजे. पण कमरेला पाणी दर दोन-चार वर्षांनी लागतंच, मग दरवेळी दुकान रिकामं करायचं? हमाली कोण देणार? यावर दोन मीटिंगा भांडणात गेल्या. शेवटी घाटाच्या टोकाकडच्या चौघांनी कमरेलाच माल हलवायचा आणि बाकीच्यांनी माळ्यावर जड माल चढवायला कप्पी बसवायची असं ठरलं, टेंपोचा नादच सोडला. कप्पी लोखंडी, शंभरेक किलो सहज चढते, वाड्याच्या तुळईला सुताराने बसवून दिली. सगळ्या मॉडेलिंगपेक्षा त्या कप्पीने जास्त माल वाचवला असेल, माझं मत.

सगळे खूश झाले असं अजिबात नाही. एका वाड्याच्या मालकाने मला तोंडावर सांगितलं, "तुझ्या रेघांनी आमच्या जागेचा भाव पाडलास." त्यांचं चूक नाही. नदीकाठच्या निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगीची बोंब, वाडा पडायला आलाय, दुरुस्ती करायची तर भाडेकरू आणि मालक यांच्यात कोर्ट, आणि आता त्यात शटरवर रंगीत रेघ, गिऱ्हाईक विचारतं ही कसली. त्यांनी त्यांच्या दुकानातली तपकिरी रेघ पुसून टाकली, आम्ही परत मारली नाही.

आणि आमच्या नकाशात नसलेली माणसं आहेतच. घाटावर पथारी टाकून फुलं-पूजेचं सामान विकणाऱ्या बाया, रात्री ओट्यावर झोपणारे, गाडी गोदाघाटावर लावून दर्शनाला गेलेले बाहेरगावचे भाविक. दरवर्षी एक-दोन गाड्या नदीत तरंगताना व्हिडिओत दिसतात आणि लोक हसतात. यांच्यातलं कुणी आमच्या ग्रुपवर नाही. फुलवाल्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, पाण्याचा रंग बदलला, गढूळ होऊन त्यात काटक्या-पाला यायला लागला की आम्ही टोपली उचलतो, मारुतीकडे बघत बसत नाही. हे मी यावेळी वहीत लिहून रेघ मारण्यावर थांबलो नाही, पुढच्या पावसाळ्यात पाण्याचा रंग कधी बदलतो आणि पातळी कधी चढते याच्या वेळा लिहायचं काम त्यांच्याच एका नातीला दिलंय, ती बारावीला आहे. २०२७च्या सिंहस्थाची मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येतायत, लाखो माणसं त्याच घाटावर, ऐन पुराच्या दिवसांत, म्हणून या नोंदी मला आत्ता हव्यात.

परवा मामांचा परत फोन आला. गल्लीत खडी येऊन पडलीय, रस्त्याचं काम निघालंय, जुना थर खरवडणार का विचारलं तर मुकादम म्हणाला ते आमच्याकडे नाही. म्हणजे अजून सहा इंच. उरलेली अर्धी पायरी पण जाणार आणि शटरवरची तपकिरी रेघ खोटी ठरणार. रविवारी पहाटे पाचला परत जातोय, मशीन मिळालं नाही यावेळी, गवंड्याला सांगितलंय लेव्हल पाइप घेऊन ये म्हणून.